आजोबांच्या खिशातल्या घड्याळाचं मशीन दुसऱ्या केसमध्ये बसेल का?

तुमचा प्रश्न असा: आजोबांचं वेस्ट एंडचं स्विस घड्याळ, मशीन झकास चालतंय, पण केसच्या मागच्या झाकणाची बिजागरी तुटलीय. ऑनलाइन एक रिकामी अमेरिकन केस दिसतेय, '१६ साइज'ची. दोन्हीचं माप ४३ मिमी, मग घ्यावी का?

नका घेऊ. मापाचा हा सापळा मला चांगलाच माहीत आहे, मीही त्यात अडकलोय. अमेरिकन १६ साइज म्हणजे ४३.१८ मिमी. स्विस मशीन 'लीन' या मापात मोजतात, एक लीन म्हणजे साधारण २.२५६ मिमी, त्यामुळे १९ लीनचं मशीन ४२.८६ मिमी भरतं. साध्या पट्टीवर दोन्ही ४३च दिसतात. पण तेवढ्या तीन दशांशाचं सोडा, खरी अडचण चावीच्या दांडीची आहे.

वॉल्थम, एल्जिनसारख्या अमेरिकन घड्याळांत बहुतेक वेळा दांडी केसमध्येच राहते. केसच्या मानेत 'स्लीव्ह' नावाची आट्यांची नळी असते, ती दांडीला धरून ठेवते. दांडीचं चौकोनी टोक मशीनमध्ये नुसतं शिरतं. स्विसमध्ये उलटं: दांडी मशीनची, आणि तिला आतला एक छोटा खटका पकडून ठेवतो. म्हणून तुमचं मशीन त्या केसमध्ये ठेवलं तरी चावी एक तर फिरणार नाही, नाही तर हातात येईल.

अमेरिकेत मात्र ही अदलाबदल अगदी रीतसर होती. कारखाने बराच काळ फक्त मशीन विकायचे, केस गिऱ्हाईक दुकानात वेगळी निवडायचं. म्हणूनच तिथल्या घड्याळाचं वय मशीनवरच्या नंबरावरून काढतात, केसवरच्या नव्हे. तिथेही एक पथ्य आहे. झाकणवाल्या 'हंटर' केसच्या मशीनमध्ये चावी तीनच्या आकड्याशी येते आणि उघड्या तोंडाच्या केसमध्ये बाराशी. हंटरचं मशीन उघड्या केसमध्ये घातलेलं घड्याळ खिशातून काढलं की बाराचा आकडा आडवा पडलेला दिसतो!

तेव्हा तुमची जुनी केसच दुरुस्त करून घ्या. त्यासाठी मशीन बाहेर मात्र काढावं लागेल. आधी स्प्रिंगचा ताण उतरवा. चावी दोन बोटांत घट्ट धरा, दात अडवणारा खटका लाकडी काडीने बाजूला करा आणि चावी बोटांतून हळूहळू उलटी फिरू द्या. एकदम सोडली तर दात गेले म्हणून समजा. मग काचेची कडी काढा, कारण मशीन बहुतेक वेळा डायलच्या बाजूने बाहेर येतं.

आता दांडी. तिच्याजवळ तिला धरून ठेवणाऱ्या खटक्याचा एक स्क्रू असतो, तो एक-दोन आटे सैल करा आणि चावी हलकेच ओढा. तीन-चार आटे फिरवलेत तर खटका डायलखाली गळून पडेल, मग काटे, डायल सगळं उतरवा. माझ्या पहिल्या घड्याळात मी नेमकं हेच केलं, आणि एक अख्खा रविवार डायलखाली गेला. शेजारीच चावीच्या चाकाचाही स्क्रू असतो, त्याला हात लावू नका. तो पुष्कळदा उलट्या आट्यांचा असतो. सैल करायच्या नादात आवळला जातो आणि डोकं तुटतं.

केसला धरणारे दोन स्क्रू कडेला दिसतील. एखाद्याचं डोकं अर्धं कापलेलं दिसलं तर तो तुटलेला नाही, तशीच रचना आहे: अर्धा फेरा फिरवला की सपाट बाजू कडेकडे येते आणि मशीन सुटतं. मग घड्याळ डायल खाली करून मऊ कापडावर धरा आणि मागून प्लेटच्या कडेला हलकं दाबा. बॅलन्सच्या, म्हणजे घड्याळ चालताना मागेपुढे झुलणाऱ्या, चाकाजवळ बोट नेऊ नका. त्याच्या आसाची टोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असतात, कडेला नुसता ठोका बसला तरी मोडतात. मशीन बाहेर आलं की दांडी परत घालून स्क्रू आवळा, म्हणजे खटका जागेवर राहील.

हा सगळा खटाटोप केसची बिजागरी दुरुस्त करता यावी म्हणून. नुसती आतली सळई गेली असेल तर कुठलाही हुशार सोनार नवी घालून देईल; बिजागरीची नळी तुटली असेल तर डाग द्यावा लागेल. डाग देताना येणारी आच आणि सुहागा मशीनजवळ अजिबात नको. शिवाय सोनाराला आधीच बजावा की केस घासून चकचकीत करायची नाही, आतले शिक्के पुसले जातात. त्याच्या हातात रिकामी केसच द्या. मशीन तोवर घरी, कोरड्या बशीत, वर काचेची वाटी उपडी घालून.