‘मुत्सद्दी’ की ‘राजधुरंधर’?

ग्रीक स्वातंत्र्ययोद्धे कॉन्स्टँटिनोस कानारिस पुढे पंतप्रधान झाले. त्यांच्याविषयी मराठीत लिहिताना ‘स्टेट्समन’साठी ‘मुत्सद्दी’ म्हणावे का, असा प्रश्न आहे. माझ्या मते त्यांच्यापुरते म्हणू नये.

मूळ अरबी ‘मुतसद्दी’ म्हणजे काम अंगावर घेणारा. मोगलांच्या सुरत बंदराचा कारभारी मुतसद्दी म्हणवला जाई आणि हिंदीत तर हा शब्द कारकुनापर्यंत खाली आला. मराठीत मात्र तो चढत गेला आणि तलवारीऐवजी लेखणीने व मसलतीने बाजी मारणारा, असा अर्थ त्याला चिकटला. नाना फडणवीसांना आपण मुत्सद्दी म्हणतो, ते याच अर्थाने.

कानारिस या साच्यात बसत नाहीत. प्सारा बेटावरचा हा दर्यावर्दी. जून 1822 मध्ये, खिओस बेटावर तुर्कांनी केलेल्या ग्रीकांच्या कत्तलीनंतर, तुर्की आरमार रमजानची सांगता साजरी करत असताना त्यांनी ज्वालाग्राही माल भरलेले गलबत रात्री तुर्की सेनापतीच्या जहाजाला नेऊन भिडवले, पेटवले आणि साथीदारांसह लहान होडीतून निसटले. सेनापती कारा अली त्यात मारला गेला. (अशा गलबताला ‘अग्निनौका’ हा शब्द चांगला आहे, तो जरूर वापरावा.) याच लढ्यातले आलेक्सांद्रोस माव्रोकोर्दातोस मात्र खरे मुत्सद्दी : ज्या फनारी (इस्तंबुलच्या फनार भागातल्या ग्रीक) घराण्यांनी तुर्की दरबारात पिढ्यान्‌पिढ्या दुभाषेपण केले, त्यांपैकी एका घराण्यातले, बहुभाषक आणि वाटाघाटीत मुरलेले.

‘राजकारणी’ हा शब्द आज जवळजवळ शिवीच्या अंगाने वापरला जातो, म्हणून तोही नको. ‘राजधुरंधर’ सुचवतो. धुरा म्हणजे गाडीचे जू जिथे असते तो पुढचा भाग. ती वाहणारा तो धुरंधर. 1844 मध्ये कानारिस प्रथम पंतप्रधान झाले, 1862 मध्ये राजा ओटो पदच्युत झाल्यावर तिघांच्या राजप्रतिनिधी मंडळात बसले, आणि 1877 मध्ये रशिया-तुर्कस्तान युद्धाच्या पेचात, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षनेत्यांनी मिळून जे सरकार बनवले, त्याचे नेतृत्व या वृद्ध दर्यावर्दीकडेच दिले. त्याच वर्षी, पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. इथे डावपेचांपेक्षा ओझे वाहणेच ठळक दिसते. ‘धुरंधर’ हल्ली फलंदाजांनाही लावतात, हे खरे. पण आधी ‘राज’ जोडले की तो घोटाळा उरत नाही.