नीत्शे हे आडनाव मूळचं कुठलं, आणि जर्मनीत आज किती लोकांचं आहे?

प्रश्नाच्या खाली तुम्ही असंही लिहिलंय की एका साइटवर आकडा अगदीच छोटा दिसला, जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे स्वतःला पोलिश उमराव म्हणवून घ्यायचा, मग इतकं दुर्मिळ आडनाव म्हणजे घराणं राजेरजवाड्यांपैकी असेल का. या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसले. नाहीतर रात्रीचे साडेअकरा झालेत आणि उद्या सकाळी मुलीला शाळेत सोडायचंय.

नाही. नसणार. दुर्मिळ आडनावाचा आणि मोठ्या घराण्याचा काडीचा संबंध नाही. बहुतेक वेळा दुर्मिळ आडनाव म्हणजे कुठल्यातरी पाद्र्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्याने वहीत लिहून ठेवलेलं आडनाव. हेच मी माझ्या चुलत सासऱ्यांना गेली नऊ वर्षं सांगतेय.

मी राहते केम्निट्झला, सॅक्सनीत, म्हणजे जर्मनीच्या पूर्वेकडच्या राज्यात. नवरा इथलाच. सासरचं आडनाव इथे लिहीत नाही, कारण ते इतक्या कमी लोकांचं आहे की लिहिलं तर तुम्ही सरळ येऊन आमची बेल वाजवाल. एवढंच सांगते की ते नीत्शेच्या भावकीतलं आहे, म्हणजे ज्या नावावरून नीत्शे आलं त्याच नावावरून आलेलं, फक्त मध्ये एक अक्षर भलतंच घुसलेलं.

आधी नीत्शेचं उरकते. मूळ नाव निकोलाउस. संत निकोलाउस म्हणजे व्यापाऱ्यांचा, खलाशांचा संत, त्यामुळे बाजारपेठेच्या गावात त्याच्या नावाचं चर्च हटकून असतंच. लाइपझिगमधलं निकोलाय चर्च तुम्हाला 1989 च्या सोमवारच्या निदर्शनांमुळे माहीत असेल. तर मध्ययुगात हे नाव पोरांना सर्रास ठेवलं जायचं आणि घरात त्याचं काहीतरी लाडकं रूप व्हायचं, आपल्याकडे ज्ञानेश्वरचा ज्ञाना होतो तसं. पश्चिमेकडे त्याचं क्लाउस, क्लास, निकेल झालं. इकडे पूर्वेला, जिथे जर्मन आणि स्लाव्ह लोक शेजारी शेजारी राहायचे (सॅक्सनीत सॉर्ब नावाचे स्लाव्ह लोक आजही आहेत), तिथे मागे स्लाव्ह वळणाचा प्रत्यय लागला आणि निच, नित्शे, नित्श्के अशी पिल्लं निघाली. त्यातला 'च' सारखा आवाज लिहायचा कसा हा सॅक्सनीतल्या कारकुनांचा जुना प्रश्न, आणि त्यांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे टी-झेड-एस-सी-एच अशी पाच व्यंजनं एकापुढे एक. डेलिट्श गाव, ड्रेस्डेनचा विमानतळ जिथे आहे ते क्लोट्शे, सगळीकडे हेच पंचक. त्यामुळे हे स्पेलिंग बघितलं की इथली माणसं लगेच म्हणतात, हं, आमच्याकडचा. पोलंडच्या राजवाड्यातला नाही.

नीत्शेचं स्वतःचं म्हणाल तर जन्म 1844 चा, ल्युट्सेनजवळच्या र्‍योकेन गावात. वडील पाद्री, वडिलांचे वडील पाद्री, आईचे वडीलही पाद्री. वडिलांनी नाव ठेवलं फ्रीडरिश विल्हेल्म, का तर प्रशियाच्या राजाचा वाढदिवस त्याच दिवशी. एवढं जर्मन घर शोधून सापडायचं नाही. आणि हा माणूस 1888 च्या एप्रिलमध्ये ब्रांडेस नावाच्या डॅनिश समीक्षकाला पत्रात कळवतो की माझे पूर्वज पोलिश उमराव होते, मूळ नाव नीएत्स्की. पुढे वायमारच्या नीत्शे आर्काइव्हचे माक्स ओलर, ते त्याच्या आईच्या माहेरचे, त्यांनी वंशावळ खणून काढली तर आडनावं सगळी जर्मन, पूर्वजांच्या बायकांची माहेरंसुद्धा. जर्मनांवर राग होता म्हणून पोलिश व्हायचं, असा सगळा मामला. मला या बाबतीत नीत्शे समजतो, कारण आमच्या घरातही एक आहे.

चुलत सासरे. वय आता ऐंशीच्या पुढे. त्यांच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर एक फ्रेम आहे, लाल मखमल, त्यावर सिंह, सिंहाच्या हातात काहीतरी भाल्यासारखं, आणि खाली घराण्याचं आडनाव गॉथिक अक्षरात. विकत घेतलेली. एका जत्रेत एक माणूस कॉम्प्युटर घेऊन बसला होता, त्याला आडनाव सांगायचं आणि तो प्रिंट काढून द्यायचा. हे मला त्यांच्या बायकोने, म्हणजे चुलत सासूबाईंनी, स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. लग्नाआधी मी पहिल्यांदा त्यांच्याकडे कॉफीला गेले तेव्हा आयरशेके (इथला चीज-अंड्याचा केक, चांगला असतो) ताटलीत पडायच्या आधी त्यांनी मला सांगितलं की आपलं आडनाव अख्ख्या जर्मनीत फक्त 14 फोनवर आहे. त्यांच्याकडे नव्वदच्या दशकातली टेलिफोन बुकची सीडी होती, त्यात मोजलेलं. आणि मग म्हणाले, म्हणून तुम्ही लग्नात हेच आडनाव घ्या, नाहीतर नाव बुडेल.

मी कर-वाली. सांगली जिल्ह्यातल्या एका गावाला मागे 'कर' जोडून झालेलं आडनाव. मी म्हटलं माझंही गावाचं नाव आहे, तेही बुडेल की. ते हसले. ते हसणं मी विसरलेले नाही.

इथे लग्नात बायकोने आडनाव बदललंच पाहिजे असं नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. 1991 ला इथल्या घटनापीठाने नवऱ्याचं आडनाव आपोआप लागणं रद्द केलं आणि 1994 च्या कायद्याने दोघांना आपापलं ठेवायची मुभा दिली. नोंदणी ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, मी माझं ठेवलं, नवऱ्याने त्याचं ठेवलं, पाच मिनिटांत विषय संपला. मुलगी झाली तेव्हा आम्ही तिला माझं आडनाव लावलं, नवऱ्याची हरकत नव्हती. चुलत सासरे तीन महिने बोलले नाहीत.

मग मी ठरवलं की बघूच हे घराणं किती मोठं आहे ते. सासरचं मूळ गाव इथून तासाभरावर, तिथल्या चर्चच्या ऑफिसात मंगळवारी जुन्या नोंदवह्या बघायला मिळायच्या. बाप्तिस्मा, लग्न, दफन. लिपी कुरेंट, म्हणजे जुन्या जर्मन हस्ताक्षराची, आजच्या जर्मन माणसाला ती वाचता येत नाही, नवऱ्यालाही नाही. माझे आजोबा मोडी वाचायचे, लहानपणी त्यांच्या शेजारी बसून मी बघितलंय, अक्षर न उचलता ओढत नेलेली ओळ, त्यातून शब्द कसा सोडवायचा. इथेही तेच. ई आणि एन सारखेच दिसतात, यूच्या डोक्यावर एक चंद्रकोर नसती तर तोही त्यातच गेला असता. पहिल्या मंगळवारी मला फक्त तारखा लागल्या. तिसऱ्या मंगळवारी 1803 चा एक बाप्तिस्मा सापडला, आडनाव अगदी साध्या स्पेलिंगचं, म्हणजे सॅक्सनीत पैशाला पासरी मिळतं ते. आणि 1806 ला त्याच आई-बापाचं पुढचं मूल, घर तेच, पण हस्ताक्षर दुसरं, पाद्री बदललेला, आणि आडनावात ते जास्तीचं अक्षर बसलेलं. आमची शाखा या 1806 वाल्या पोराची. थोरल्याची शाखा साध्या स्पेलिंगची, ती माणसं आजही शेजारच्या गावात आहेत, एकाचं टायरचं दुकान आहे.

बापाचा धंदा दोन्ही नोंदींत एकच, श्ट्रुम्फविर्कर. मागावर मोजे विणणारा. केम्निट्झच्या आसपास तेव्हा गावंच्या गावं मोजे विणायची.

मी त्या पानांचे फोटो प्रिंट काढून, अक्षरांखाली पेन्सिलीने आजची अक्षरं लिहून, चुलत सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला घेऊन गेले. हो, वाढदिवसाला न्यायला नको होतं, नवरा आजही म्हणतो. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, हा दुसराच कोणीतरी आहे. मग केक कापला.

आता तुमचा आकड्यांचा प्रश्न. जर्मनीत आडनावांची सरकारी शिरगणती छापून येत नाही, त्यामुळे कुठल्याही साइटवर जो आकडा दिसतो तो कोणीतरी अंदाजाने काढलेला असतो. इथले भाषावाले लोक 2005 सालची डॉइच टेलिकॉमची लँडलाइनची यादी वापरतात. जर्मन आडनावांचा जो मोठा नकाशासंग्रह झालाय तो त्यावरच, आणि माइन्झच्या अकादमीत 2012 पासून जो ऑनलाइन आडनावकोश चाललाय तोही. त्या यादीत सुमारे 2.8 कोटी घरगुती फोन आणि साडेआठ लाखांच्या आसपास वेगवेगळी आडनावं होती. लोकसंख्या तेव्हा सव्वाआठ कोटी. म्हणजे एका फोनमागे साधारण 2.9 माणसं. फोन मोजा, 2.9 ने गुणा, झाला अंदाज. म्युलर आडनावाचे अडीच लाखांहून जास्त फोन होते, त्यामुळे म्युलर सात लाखांच्या पुढे जातात. आमच्या 14 फोनांची चाळीसेक माणसं होतात. ही पद्धत मोठ्या आडनावाला बरी लागू पडते, छोट्याला नाही, कारण 14 मधल्या दोन म्हाताऱ्या एकट्या राहत असतील आणि एका घरात सहा जण असतील तर सगळं गणितच कोलमडतं. आणि 1990 च्या आधीची फोनबुकं तर या भागासाठी बघूच नका, पूर्व जर्मनीत घरी फोन मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, त्यामुळे इथली आडनावं त्यात आहेत त्यापेक्षा दुर्मिळ दिसतात.

पण खरी गोम स्पेलिंगची आहे. साइट नीत्शे हे एकच स्पेलिंग मोजते. 'ई' काढून लिहिणारे नित्शे वेगळे, 'झेड' काढून लिहिणारे वेगळे, मागे 'के' लावणारे वेगळे. तुम्ही हे सगळे एका टोपलीत घातलेत तर तेच आडनाव दुर्मिळवरून सॅक्सनीतल्या नेहमीच्या आडनावांत येऊन बसतं. आपल्याकडे वाघ आडनावाचा एक भाऊ इंग्रजीत डब्ल्यूने लिहितो, दुसरा व्हीने, म्हणून व्हीवाल्याचं घराणं दुर्मिळ होतं का? फरक एवढाच की इथे 1 जानेवारी 1876 पासून सबंध देशात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली आणि त्या दिवशी ज्याच्या कागदावर जे अक्षर होतं ते गोठलं. त्याआधी पाद्र्याची मर्जी. त्यानंतर एक अक्षर बदलायचं तर ऑफिसात सबळ कारण द्यावं लागतं.

आणि त्या 2005 च्या यादीतली एकेकटी आडनावं बघितलीत तर त्यात कितीतरी परदेशी लोकांची आहेत. माझं कर-वालं आडनाव त्यात शून्य होतं. आज केम्निट्झमध्ये दोन, मी आणि मुलगी. दुर्मिळच पाहिजे असेल तर घ्या, आमचं जास्त दुर्मिळ आहे, आणि आमचे पणजोबा शेळ्या राखायचे.

थोडं सांभाळून घ्या, मी एकतर्फी लिहितेय हे मला कळतं. काही आडनावं खरोखरच एका वाडीवरून आलेली असतात आणि ती वाडीच तीसवर्षीय युद्धात, म्हणजे 1618 ते 48 मध्ये, उठून गेली, मग नाव दुर्मिळच राहणार, तिथे कारकुनाचा दोष नाही. सिंहाच्या फ्रेमबद्दलही, इथे साध्या शहरी माणसांच्या घराण्यांनाही चिन्हं असायची, फक्त ते चिन्ह त्या एका घराण्याचं असतं, आडनावाचं नसतं, जत्रेतला माणूस हे सांगत नाही. आणि नीत्शेच्या नावात स्लाव्ह अंश आहेच, तेव्हा तो अगदीच हवेत बोलत नव्हता. शेपटी स्लाव्ह आहे, उमरावकी घरची.

तुम्हाला खरंच मुळाशी जायचं असेल तर साइटवरचा नकाशा बघून थांबू नका, सगळी स्पेलिंगं लिहून काढा आणि नोंदवहीपर्यंत जा, लाइपझिग विद्यापीठाच्या परंपरेतले नावांचे अभ्यासक सल्लाही देतात. आणि कोणी लग्नात तुम्हाला किंवा तुमच्या बहिणीला सांगितलं की आमचं नाव बुडेल, तर आधी त्याची नोंदवही मागा.

1 मे 2025 पासून इथे मुलांना आई-वडील दोघांचं मिळून जोडआडनाव देता येतं. चुलत सासऱ्यांनी त्या बातमीचं कात्रण पोस्टाने पाठवलं, वर नुसतं मुलीचं नाव, चिठ्ठी नाही. मुलगी दुसरीत आहे, तिला गंमत वाटली, तिने पाकिटाच्या मागे दोन्ही आडनावं जोडून चार वेळा लिहून बघितली. माझं बरोबर लिहिलं. त्यांचं कानाला येतं तसं लिहिलं, चारही वेळा, ते जास्तीचं अक्षर सोडून.