सहा कोट घ्यावेत की एक?

पत्र पाठवणारे वाचक ब्रिटनमध्ये नोकरी करतात, वय 46. गेली आठ वर्षं ते दुसऱ्या महायुद्धातले रॉयल एअर फोर्सचे गणवेश जमवतात आणि प्रत्येक गणवेश मुळात कुणाच्या अंगावर होता याचा माग काढतात. एका विक्रेत्याकडे दिवंगत संग्राहकाचे सहा कोट आले आहेत, सगळे मिळून 11,000 पौंड. वाचकांची शिल्लक 19,000 पौंड, घरखर्च महिन्याला 2,600. गृहकर्जाचा ठरलेला व्याजदर पुढच्या मार्चमध्ये संपतो. ते विचारतात: "हे कोट आता नव्याने कुणी शिवणार नाही, म्हणजे किंमत वाढतच जाणार. बँकेत पैसे ठेवण्यापेक्षा हे बरं नाही का?" सोबत कोटांचे फोटो आणि प्रत्येकाची वेगवेगळी किंमतही पाठवली आहे.

सहा घेऊ नका. एक घ्या. कुठला तेही सांगतो, पण आधी पैशांचं बोलू.

11,000 दिल्यावर तुमच्याकडे 8,000 उरतील, म्हणजे तीन महिन्यांचा खर्च. गृहकर्जाचा हप्ता नक्की किती वाढेल हे कळायच्या आत एवढ्या कमी पैशांवर संसार ठेवू नये. सहा महिन्यांचे 15,600 पौंड बाजूला ठेवा आणि त्यांना हात लावू नका. उरतात 3,400. या संग्रहासाठी आज तुमच्याकडे एवढेच पैसे आहेत. कर्ज काढून किंवा निवृत्तीची बचत थांबवून हा आकडा वाढवायचा नाही.

आता "किंमत वाढतच जाणार" याबद्दल. कोट दुर्मीळ आहेत यात शंका नाही. ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग जून 1941 मध्ये सुरू झालं आणि मार्च 1949 पर्यंत चाललं. चांगल्या लोकरीचा कोट अशा दिवसांत कोण नुसता कपाटात ठेवणार? बटणं बदलून, कापड रंगवून लोकांनी तो झिजेपर्यंत वापरला. पण वस्तू दुर्मीळ असणं वेगळं आणि तुम्हाला विकायची असेल त्या महिन्यात तिला गिऱ्हाईक असणं वेगळं. लिलावात विकायला गेलात तर समजा 15 टक्के दलाली आणि तिच्यावर 20 टक्के व्हॅट, म्हणजे शंभरातले 18 गेले. तुमचे 11,000 जसेच्या तसे परत यायचे असतील तर लिलावातली बोली 13,400 च्या वर जायला हवी. विक्रेत्याने आपला नफा आधीच किमतीत धरलाय, म्हणजे ही वाढ त्या नफ्याच्याही वरची. मधल्या वर्षांत कोट ना व्याज देणार ना लाभांश. म्हणून मी या पैशांना खर्च म्हणतो. सार्थकी लागणारा खर्च, पण खर्चच.

कराचा नियम पाहिलात तरी हेच दिसेल. अशी वस्तू 6,000 पौंड किंवा त्याहून कमी किमतीला विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेलच. दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही: तोटा झाला तर हिशेबात विक्रीची किंमत 6,000 च धरतात. म्हणजे 4,200 ला घेतलेला कोट 2,000 ला गेला, तरी करासाठी तुमचा तोटा शून्य. वारंवार घेऊन विकू लागलात तर तो व्यवसाय ठरू शकतो, हेही लक्षात असू द्या.

आता खुद्द कोटांकडे. तुमचे फोटो मी मोठे करून बराच वेळ पाहिले. यादीत सगळ्यात महाग आहे वैमानिकाचा कोट, 4,200 पौंड. विक्रेता म्हणतो, हा अधिकारी जानेवारी 1944 मध्ये बॉम्बर कमांडच्या, म्हणजे रॉयल एअर फोर्सच्या बॉम्बफेकी शाखेच्या, मोहिमेत मारला गेला. पण डाव्या खिशाच्या वर शिवलेल्या पदकांच्या फितींमध्ये फिकट निळी, कडांना काळी आणि मध्ये दोन पिवळ्या रेघा असलेली एक फीत आहे. ती एअर क्रू युरोप स्टारची. हे पदक जाहीर झालं मे 1945 मध्ये. जानेवारी 44 मध्ये गेलेल्या माणसाच्या छातीवर ती कशी येईल? कोट त्याचाच असेल आणि पुढे कुणी प्रेमाने ती शिवली असेल, हे शक्य आहे. साध्या कोटावर वैमानिकाच्या पंखांचा बिल्ला आणि फिती शिवून त्याला शूर वैमानिकाचा केलं असेल, हेही शक्य आहे. मारल्या गेलेल्या किंवा बेपत्ता झालेल्या हवाई सैनिकाचं सामान स्क्वाड्रनवरची (त्याच्या विमानतुकडीतली) समिती आवरायची, मग ते हवाई दलाच्या कोलनब्रूक इथल्या भांडारात जायचं आणि तिथून घरी. त्या घरातून आलेल्या कोटासोबत एखादं पत्र किंवा सामानाची यादी राहिलेली असू शकते. ते मागा. काहीच नाही म्हणाले, तर 4,200 मधला मोठा भाग तुम्ही नुसत्या गोष्टीसाठी मोजताय.

उरलेल्यांपैकी चार निनावी आहेत, मिळून 4,000. दोन बॅटलड्रेस ब्लाउज (कमरेपर्यंतचे आखूड लष्करी कोट) बरे दिसतात. पण एका कोटाच्या बटणांवरचा मुकुट पाहा: कमानी मध्यभागी खाली दबलेल्या आहेत. हा राणीचा मुकुट, म्हणजे बटणं 1952 नंतरची. युद्धकाळातल्या राजाच्या मुकुटाच्या कमानी वर गोल असतात. बटणं बदललेलीही असतील, पण "युद्धकालीन" म्हणून त्याला पूर्ण किंमत देऊ नये. (राजा चार्ल्स यांनी पुन्हा गोल कमानींचा मुकुट स्वीकारला आहे, त्यामुळे यापुढे नुसत्या गोल मुकुटावरही भिस्त ठेवता येणार नाही.)

राहिला नॅव्हिगेटरचा, म्हणजे विमानाचा मार्ग आखणाऱ्याचा, कोट; लॉगबुकासकट (त्याच्या उड्डाणांच्या नोंदवहीसकट) 2,800. याच्यावर माझं मन बसलं. अधिकारी आपले गणवेश शिंप्याकडून शिवून घेत आणि आतल्या खिशात शिंप्याचं लेबल असे. तुमच्या फोटोत ते दिसतं: तपकिरी पडलेली शाई, आद्याक्षरं, आडनाव आणि ऑक्टोबर 1943. छातीवर 'एन' अक्षर असलेला अर्ध्या पंखाचा बिल्ला आहे. तो 1942 मध्ये जुन्या निरीक्षकांच्या 'ओ' च्या जागी आला, म्हणजे तारखेशी जुळतो. लॉगबुक फॉर्म 1767 आहे, निरीक्षक आणि विमानातले बंदूकधारी (गनर) यांना मिळायचं ते, आणि त्यावरचं आडनाव लेबलावरच्यासारखंच आहे. उघडलेल्या पानावर रात्रीच्या मोहिमा लाल शाईत लिहिल्या आहेत. एका ठिकाणी शाईचा थेंब पडून फुटलाय आणि त्याच्या शेजारी उड्डाणाचे तास नीट मांडलेत. कुणीही न मागितलेली अशी बहुतेक लॉगबुकं हवाई मंत्रालयाने 1960 च्या सुमारास नष्ट केली. हे वाचलं आणि आजवर आपल्या कोटासोबत राहिलं, याला मी फार किंमत देतो.

तुम्हाला खरी गोडी आहे ती माणूस शोधण्याची, हे तुमच्या पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसतं. समाधानाची गोष्ट ही, की त्या कामाला पैसा फार लागत नाही. अधिकारी म्हणून त्याची नेमणूक आणि मिळालं असेल तर शौर्यपदक लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रात सापडेल, तेही ऑनलाइन आणि मोफत. तिथला सेवाक्रमांक पुढच्या सगळ्या शोधाची किल्ली आहे. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये (राष्ट्रीय अभिलेखागारात) स्क्वाड्रनांच्या मोहिमांच्या नोंदवह्या एआयआर 27 या मालिकेत आहेत आणि वाचनालयात त्या मोफत पाहता येतात. लॉगबुकातली लाल नोंद आणि त्या रात्रीचं स्क्वाड्रनचं पान शेजारी ठेवा: विमानाचा क्रमांक, सोबतचे सहकारी, निघण्याची आणि उतरण्याची वेळ. सगळं जुळलं तर तो कोट त्याचाच, असं छातीठोकपणे म्हणता येईल. सेवानोंदीही 2022 पासून संरक्षण मंत्रालयाकडून टप्प्याटप्प्याने तिथेच येत आहेत. सहकाऱ्यांपैकी कुणी परतलं नसेल तर लिंकन शहरातल्या आंतरराष्ट्रीय बॉम्बर कमांड सेंटरची मृतांची यादी आणि राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदी पाहा. बॉम्बर कमांडचे 55,573 जण मारले गेले. ज्यांना थडगंच मिळालं नाही अशा 20 हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावं इंग्लंडमधल्या रनीमीडच्या स्मारकावर कोरली आहेत. तुमचा नॅव्हिगेटर कुणाकुणाबरोबर उडाला हे कळलं, की त्यांतली काही नावं तुम्हाला ओळखीची होतील.

2,800 गेल्यावर उरलेले 600 जपणुकीला ठेवा: आम्लविरहित कागद, कापडाने मढवलेला रुंद हँगर, बंद पेटी. कसरीची अळी लोकर खाते. शंका आली तर कोट पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवा. घराच्या विम्यात एका वस्तूसाठी किती मर्यादा आहे ते आधी विचारा. कसर लागून झालेलं नुकसान विमा बहुतेक वेळा भरून देत नाही, म्हणून पेटीवरच खर्च करा.

माझ्या एका ग्राहकाने वीस वर्षं असाच शोध घेतला होता. सगळी माहिती संगणकात आणि थोडी त्यांच्या डोक्यात. ते गेले आणि कुठला कोट कुणाचा हे घरात कुणालाच सांगता येईना. सगळा संग्रह निनावी कापड म्हणून घाऊक भावात गेला. पैसे बुडाले याचं मला वाईट वाटलंच, पण त्या माणसांची सापडलेली नावं पुन्हा हरवली याचं अधिक वाटलं. तुम्ही जे शोधाल त्याची छापील प्रत कोटाच्याच पेटीत ठेवा, आणि हा कोट व लॉगबुक कधी वेगळे करू नयेत असं इच्छापत्रासोबत लिहून ठेवा.

विक्रेत्याला याच आठवड्यात कळवा, की फक्त नॅव्हिगेटरचा कोट हवाय आणि लॉगबुक त्याच्याबरोबरच हवं. पावतीवर मूळ मालकाचं पूर्ण नाव, सेवाक्रमांक, कोट कुठून आला ती माहिती आणि नाव चुकीचं निघालं तर पैसे परत, एवढं लिहून घ्या. सहाही घ्या नाहीतर काहीच नाही, असं म्हणाला तर लॉगबुकाच्या लाल नोंदींचे फोटो घेण्याची परवानगी मागा आणि शोध सुरू करा.