नवोदयसाठी पाचवीतच गाव सोडायची घाई नको

पत्र : मॅडम, नमस्कार. आम्ही राळेगाव तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका लहान गावात राहतो. 4 एकर कोरडवाहू आहे, कपाशी आणि तूर घेतो. मी गावात आशा म्हणून काम करते. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. सर म्हणतात हुशार आहे, नवोदयला बसवा. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंतच आहे. तालुक्याला एक क्लासवाले नवोदयची तयारी घेतात. ते म्हणतात, पाचवीला मुलीला इकडेच आणा, शाळेचं आम्ही बघतो. वर्षाचे 28,000 आणि राहण्याचे वेगळे. हे म्हणतात तुरीच्या पैशातून भरू. सासूबाई म्हणतात, "एवढ्या लायन्या पोरीले कायले धाडता?" नवोदय खरंच चांगली आहे का, आमच्यासारख्यांच्या पोरीचा नंबर लागतो का, आणि पैसे भरावेत का, तेवढं सांगा.

उत्तर :

ताई, पैसे अजून भरले नसतील तर थांबा. भरले असतील तरी मुलीचा दाखला गावच्या शाळेतून अजून काढू नका. तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याचं उत्तर चुकलं तर बाकीच्या दोन्हींना अर्थच उरत नाही.

जवाहर नवोदय विद्यालय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा. तिथे पाचवीच्या मुलांची प्रवेश परीक्षा घेऊन सहावीला एका जिल्ह्यातून साधारण 80 मुलं घेतात. त्यातल्या किमान 75 टक्के, म्हणजे 60 जागा ग्रामीण भागातल्या मुलांच्या. आता ग्रामीण कोणाला म्हणायचं, तर ज्या मुलानं तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत काढली त्याला. या तीन वर्गांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत शिकलं, तरी ते मूल शहरी धरलं जातं. आणि शहरी म्हणजे फक्त यवतमाळ, वणी, पुसद नव्हे. 2011 च्या जनगणनेत किंवा त्यानंतरच्या सरकारी अधिसूचनेत जे शहरी ठरलं ते सगळं शहरी. राळेगावची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली आहे. बसस्टँडवर उभं राहिलं तर आपल्याला ते मोठं खेडंच वाटतं, पण कागदावर ते खेडं नाही.

म्हणजे तुमची मुलगी आज ज्या 60 जागांची हक्कदार आहे, त्या जागा तुम्ही 28,000 रुपये देऊन सोडायला निघालात.

"शाळेचं आम्ही बघतो" या वाक्याचा दुसरा अर्थ असा असू शकतो, की नाव एखाद्या खेड्यातल्या शाळेत लावायचं आणि मूल दिवसभर क्लासच्या खोलीत बसवायचं. हे चालतं, मला माहीत आहे. काही जण तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत नाव टाकतात, तिकडे स्पर्धा कमी म्हणून. पण मूल ज्या जिल्ह्यात पाचवी शिकतं आणि राहतं, त्याच जिल्ह्याच्या नवोदयला बसता येतं. फॉर्मसोबत मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं आणि निवड झाल्यावर कागद तपासले जातात. काही वर्षांपूर्वी एक वडील माझ्याकडे आले होते. मुलाचं नाव यादीत आलं होतं, गावात पेढे वाटून झाले होते. तपासणीत निघालं, की चौथीचे काही महिने मुलगा मामाकडे शहरातल्या शाळेत होता. ते दाखल्यावरच्या त्या तारखेवर बोट ठेवून बसले होते, उचलेचनात. मी काय सांगणार? पुन्हा बसवू म्हटलं तर तीही सोय नाही. ही परीक्षा एकदाच देता येते. पाचवीला दुसऱ्यांदा बसवून पुन्हा प्रयत्न करू, असंही चालत नाही.

मग पाचवी कुठे करायची? तुमच्या आसपासचं असं गाव शोधा जिथे अजून ग्रामपंचायतच आहे आणि जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा किंवा पाचवीपासूनचं हायस्कूल आहे. आपल्याकडे चार-सहा किलोमीटरवर असं एखादं गाव निघतंच. पाचवीपासून मुलींना एसटीचा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत. गाडी वेळेवर येते का, हा खरा प्रश्न. तो तुम्ही माझ्यापेक्षा चांगला जाणता. गावातल्या आणखी दोन-तीन मुली त्याच शाळेत जाणार असतील तर निम्मी काळजी तिथेच मिटते.

आता शाळेबद्दल. नवोदयची कल्पना 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातली, पण त्याआधीच 1985-86 मध्ये प्रयोग म्हणून देशात दोन शाळा काढल्या होत्या. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. खेड्यातल्या हुशार मुलाला त्याच्या बापाच्या खिशाकडे न बघता चांगलं शिकवायचं, एवढ्यासाठीच ही शाळा निघाली. यवतमाळ जिल्ह्याची नवोदय घाटंजी तालुक्यात बेलोऱ्याला आहे. वर्ध्याची सेलूकाट्याला, गडचिरोलीची घोटला. मुद्दाम शहराबाहेर.

सहावी ते बारावी, सीबीएसई बोर्ड, मुलामुलींची वेगवेगळी वसतिगृहं. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं शाळेकडून. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून महिन्याला 600 रुपये घेतात, पण मुलींना तो माफ आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरच्या मुलांनाही माफ. म्हणजे सात वर्षांत तुम्हाला खर्च येईल तो जाण्यायेण्याचा आणि साबण-तेलाचा.

नंबर लागतो का? जिल्ह्यात 16 तालुके आणि जागा 80. सरासरी काढली तर एका तालुक्याला पाच मुलं. फॉर्म हजारोंनी भरले जातात. त्यामुळे "शंभर टक्के लागतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका आणि "वशिल्याशिवाय लागत नाही" म्हणणाऱ्यावरही नको. किमान एक तृतीयांश जागा मुलींच्या असतात. ओबीसीत असाल तर केंद्राच्या यादीत तुमची जात आहे का ते बघा आणि दाखला केंद्राच्या नमुन्यातला काढा. राज्याच्या एनटीसाठी (भटक्या जमातींसाठी) तिथे वेगळा रकाना नाही. हा दाखला निवड झाल्यावर धावपळीत काढायला गेलात तर तहसीलच्या चकरा होतात, तेव्हा आताच लागा.

परीक्षा मराठीत देता येते. दोन तास, 80 प्रश्न, 100 मार्क, प्रत्येक प्रश्नाला सव्वा मार्क. 40 प्रश्न बुद्धिमत्तेचे, 20 गणिताचे, 20 भाषेचे. चुकलेल्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा सोडायचा नाही, हे तिला आजपासून सांगा. निम्मे मार्क बुद्धिमत्तेचे आहेत आणि त्यात वाचायचं जवळजवळ काही नसतं, सगळ्या आकृत्या. वेगळी आकृती ओळखा, अपुरी पूर्ण करा, आरशात कशी दिसेल ते सांगा. यासाठी क्लास लागतो असं मला वाटत नाही. घरातला आरसा घ्या, कागदावर आकृती काढून त्याच्या बाजूला उभा धरा. आधी तिला उत्तर ओळखू द्या, मग आरशात बघू द्या. आठ दिवसांत डोळा बसतो. कागदाची घडी घालून कात्रीनं भोक पाडायचं आणि उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील ते विचारायचं, हाही खेळच आहे. तुम्ही स्वयंपाक करताना होतो.

गणितात एक अडचण आहे, ती क्लासवाले नीट सांगत नाहीत. प्रश्न शेकडेवारीवर, नफा-तोट्यावरही येतात. बालभारतीत हे धडे सहावीच्या पुस्तकात आहेत. मूल पाचवीचं पुस्तक तोंडपाठ करून जातं आणि तिथे अडकतं. त्यामुळे शेजारच्या सहावी झालेल्या पोराचं गणिताचं जुनं पुस्तक आणा आणि तेवढे धडे सरांकडून करून घ्या. नफा-तोटा तुमच्या घरी पुस्तकातल्यापेक्षा चांगला शिकवता येईल. बियाणं, खत, फवारणी आणि वेचणीला किती गेले आणि कापूस किती भावानं गेला, हे तिला वहीत मांडायला लावा. (उत्तर तोट्याचं आलं तर वाईट वाटून घेऊ नका, गणित बरोबर असलं म्हणजे झालं.) भाषेत उतारे वाचून उत्तरं द्यायची असतात. रोज एक बातमी मोठ्यानं वाचायला लावा आणि तिच्यावर तीन प्रश्न विचारा.

जुन्या प्रश्नपत्रिकांचं एक पुस्तक घ्या, एका ओएमआर कागदाच्या (गोल भरायच्या उत्तरपत्रिकेच्या) झेरॉक्स काढा. गोल भरायचा सराव निळ्या-काळ्या बॉलपेननं, पेन्सिलीनं नाही. दर रविवारी घड्याळ लावून एक पेपर. सगळं मिळून हजाराच्या आत बसतं. उरलेले 27,000 तुरीच्या पुढच्या हंगामाला लागतील.

तारखांचं बघा. फॉर्म साधारण पावसाळ्यात सुटतो, नवोदय विद्यालय समितीच्या संकेतस्थळावर, आणि त्याला फी नाही. सेतूवाला भरून देण्याचे घेईल तेवढेच. 2025 मध्ये एक परीक्षा 18 जानेवारीला झाली आणि पुढच्या वर्षाची 13 डिसेंबरलाच घेतली. म्हणजे ऐन कापूस वेचायच्या दिवसांत. त्या महिनाभर तिला वावरात नेऊ नका, एवढं मी हक्कानं सांगते. तुम्ही आशा आहात, रजिस्टर आणि तारखा सांभाळायची तुम्हाला सवय आहे. हे काम तुमच्याच हाती ठेवा, क्लासवाल्याच्या नको.

आता सासूबाई. त्यांचं मी हसण्यावारी नेणार नाही. दहा-अकरा वर्षांचं लेकरू घर सोडतं तेव्हा पहिले दोन-तीन महिने रडतंच. सहावीची मुलं जुलैच्या आसपास जातात आणि मग पोळा येतो. तान्ह्या पोळ्याला गावात पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरत असतात आणि आपण वसतिगृहात, हे मुलांना फार लागतं. मी नवोदयच्या भेटीच्या रविवारी गेले होते तेव्हा एका झाडाखाली एक आई डबा उघडून बसली होती. मुलगी पुरणपोळी खात होती आणि एका हातानं आईचा पदर घट्ट धरून होती. आठवीतली तिची मैत्रीण शेजारी उभी राहून म्हणाली, "काकू, दिवाळीनंतर नाही रडत कोणी." मला वाटतं तिचा अंदाज बरोबर होता. पण एखादं मूल दिवाळीनंतरही रमत नाही. तेव्हा परत आणायची वेळ आली तर घरात कोणी "नाव बुडवलं" म्हणायचं नाही, हे ह्यांच्याशी आणि सासूबाईंशी आताच बोलून ठेवा.

आणखी दोन गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या. सुरुवातीला शिकवणं मराठीत असतं, पण वरच्या वर्गात गणित-विज्ञान इंग्रजीत आणि समाजशास्त्र हिंदीत जातं. ते वर्ष जड जातं, मार्क घसरतात. तेव्हा फोनवर रागावू नका. दुसरं, नववीत वर्गातली सुमारे 30 टक्के मुलं एका वर्षासाठी हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयला पाठवतात आणि तिकडची इकडे येतात. तुमच्या मुलीचा त्यात नंबर लागला तर बेलोरा जवळ वाटेल एवढ्या लांब ती जाईल. गेलेल्या बहुतेक मुली परत येताना धीट होऊन येतात, असा माझा अनुभव. पण सासूबाईंना हे नववीत गेल्यावर कळायला नको.

नाही लागला नंबर तर? हायस्कूलला शिकेल. आठवीत एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायची. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. आज बुद्धिमत्तेची केलेली तयारी तिथे जशीच्या तशी कामी येते. नवोदयलाही नववीत रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते. चंद्रपूरची सैनिक शाळा मुलींनाही घेते, पण तिथली फी आधी विचारा, मग स्वप्न दाखवा.

तुमच्या पत्रात सर काय म्हणतात ते आहे, हे काय म्हणतात ते आहे, सासूबाई आणि क्लासवालेही आहेत. मुलगी काय म्हणते ते कुठेच नाही. तिला बेलोरा दाखवून आणा. घाटंजीला उतरून जाता येतं, आधी शाळेत फोन करून भेटीचा रविवार कधी ते विचारा. सासूबाईंनाही सोबत न्या. मुलींचं वसतिगृह आणि जेवणाची खोली बाहेरून का होईना बघू द्या, आणि तिथल्या एखाद्या मुलीशी त्यांना त्यांच्या बोलीत बोलू द्या. "कायले आली वं इथं?" हा प्रश्न त्या आपल्यापेक्षा चांगला विचारतील. आल्यावर मला कळवा, आणि पाचवीसाठी कोणती शाळा ठरली तिचं गावही लिहा. ग्रामीणमध्ये बसतं की नाही ते दाखला काढायच्या आधी मिळून तपासू.