‘लाईन’चं मूळ जवसात

प्रश्न असा आहे: सिव्हिल लाईन्स, मेट्रोची ऑरेंज लाईन, तिकिटाची लाईन, ‘लाईन गेली’ आणि कोटाचं लायनिंग, हे सगळं एकाच शब्दातून आलं का?

हो, आणि मूळ आहे आपल्या विदर्भात रब्बीला पेरतात त्या जवसात. जवसाला लॅटिनमध्ये ‘लीनुम’ म्हणत. आपण तेलासाठी घेतो ते जवस बुटकं आणि फांद्यांचं. धाग्यासाठी घेतात ते उंच, सडसडीत. वनस्पती मात्र एकच. देठातून निघणाऱ्या वाखाचा धागा म्हणजे ‘लीनेआ’. जुन्या इंग्रजीत ‘लीने’ म्हणजे दोरी. पुढे फ्रेंचमधला ‘लीन्य’ त्यात मिसळला.

दोरीची रेघ कशी झाली, हे सुताराच्या कामात दिसतं. दोरी गेरूत भिजवायची, दोन्ही टोकं ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलून सोडायची. फळीवर सरळ रेघ उमटते. दोरी सैल राहिली की रेघ फाटते, म्हणून ताण महत्त्वाचा. सरळपणाचा अर्थ शब्दात आला तो या ताणातून. मराठीनेही हीच वाट धरली: भिंत ‘सुतात’ असते, आणि ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’वरून आला.

रेघेवरून रांग. छावणीतल्या बराकींच्या रांगा त्या ‘लाईन्स’, मुलकी अधिकाऱ्यांची वस्ती ती सिव्हिल लाईन्स. नागपूरच्या पोलीस लाईन टाकळी या वस्तीच्या नावातली ‘लाईन’ही तीच. रेघेवरूनच मार्ग: 1867 साली नागपूरला आलेली रेल्वे लाईन आणि सीताबर्डीला एकमेकींना छेदणाऱ्या ऑरेंज व अ‍ॅक्वा लाईन याच अर्थाच्या.

विजेच्या बाबतीत शब्द परत दोरीकडे गेला. खांबाखांबांवर ताणलेली तार ती लाईन, ती सांभाळणारा लाईनमन. त्यापुढे तारेतून येणाऱ्या विजेलाच ‘लाईन’ म्हणणं ही आपल्याकडची भर. उन्हाळ्यात ‘लाईन गेली’ म्हटलं की तार जागेवरच असते, वीज गेलेली असते.

लायनिंगची वाट वेगळी आहे, आणि गोंधळ इथेच होतो. ते रेघेवरून आलेलं नाही. कपड्याला आतून जवसाच्या कापडाचं, म्हणजे लिननचं, अस्तर लावत. त्यावरून ‘अस्तर लावणे’ हे क्रियापद झालं. लिनोलियम, म्हणजे जमिनीवर अंथरायचं आच्छादन, हा तिसरा फाटा, जवसाच्या तेलाचा.

‘डेडलाईन’ मुळात खरोखरची हद्द होती. अमेरिकी यादवी युद्धात, 1864 च्या अँडरसनव्हिल बंदितळावर, ती ओलांडणाऱ्या कैद्यावर गोळी झाडत. कामाच्या मुदतीचा अर्थ विसाव्या शतकात वृत्तपत्रांच्या धंद्यात रुळला.

शेवट सारखा दिसतो म्हणून ‘डिक्लाईन’ मात्र इथे ओढू नका. त्याचं लॅटिन मूळ झुकण्याचं आहे. मोठ्या इंग्रजी कोशात शब्दाच्या डोक्यावरचा बारीक अंक आधी बघा. रेघेची ‘लाईन’ आणि अस्तराची ‘लाईन’ तिथे दोन वेगळ्या नोंदींत असतात, आणि दोन्हींची व्युत्पत्ती वाचली की जवस दोन्हीकडे सापडतं.