तळाला गेलेल्या एनबीए संघाने ड्राफ्ट पिक ठेवावेत की विकून टाकावेत?

ठेवावेत, निदान पहिल्या फेरीचे तरी. एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग. ड्राफ्ट पिक म्हणजे दरवर्षी नवे खेळाडू निवडायची पाळी; तळाच्या संघाला सहसा आधीची पाळी मिळते, आणि ती दुसऱ्या संघाला देताही येते.

2013 मध्ये ब्रुकलिन नेट्सने बॉस्टनकडून केव्हिन गार्नेट आणि पॉल पियर्स आणले. दोघेही पस्तिशी उलटलेले. बदल्यात 2014, 2016 आणि 2018 चे पहिल्या फेरीचे पिक दिले, वर 2017 मध्ये आपला पिक नेट्सच्या पिकशी बदलून घ्यायचा हक्क. म्हाताऱ्यांचा जोर लगेच ओसरला. 2016-17 मध्ये नेट्स 20 जिंकून 62 हरले, लीगमध्ये सर्वात खराब कामगिरी, पण पहिला पिक गेला बॉस्टनला. त्यांनी तो फिलाडेल्फियाशी बदलून तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम हा खेळाडू घेतला. आदल्या वर्षीच्या नेट्सच्या पिकवर जेलन ब्राऊन आलाच होता. 2024 मध्ये या दोघांच्या जोरावर बॉस्टन चॅम्पियन! हरायचं यांनी आणि मलई त्यांना.

पिक ठेवला म्हणजे हिरा सापडेलच असं नाही, हेही खरं. 2019 मध्ये पहिले पिक कोणाला हे ठरवणाऱ्या लॉटरीचे नियम बदलले आणि तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या पिकची संधी प्रत्येकी 14 टक्केच राहिली. डेट्रॉइट 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी तळाला होता. दोन्ही वेळा पाचवा पिक पदरात पडला.

अपवाद एकच: हाताशी खरा सुपरस्टार असेल तर. मिलवॉकीने 2020 मध्ये पिकची रास ओतून जरू हॉलिडे आणला, 2021 ला विजेतेपद. पण तिथे यानिस आंतेतोकुंपोसारखा सुपरस्टार होता, आणि संघ मुळात रडतखडत नव्हताच. तुमच्या संघात तसा कोणी नसेल आणि पिक द्यावाच लागला, तर निदान पहिल्या चारांत आला तर आमच्याकडेच राहील, ही अट घालून द्या.