टायसन फ्युरीचे पुनरागमन : जिंकायचे असेल तर समोर कोण हवा?

आपला प्रश्न असा आहे की, जानेवारी 2025 मध्ये निवृत्ती जाहीर करून नंतर पुन्हा रिंगची भाषा बोलू लागलेला ब्रिटिश हेवीवेट मुष्टियोद्धा टायसन फ्युरी निव्वळ पैशासाठी नव्हे, तर जिंकण्यासाठी परतत असेल, तर त्याने कोणाशी लढावे. अमेरिकेचा मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमन पंचेचाळिसाव्या वर्षी विश्वविजेता झाला, मग चाळिशीही न गाठलेल्या फ्युरीला काय अडचण आहे, असेही आपण विचारले आहे. फ्युरी जिंकू शकतो, असे माझे मत आहे. मात्र फोरमनचा दाखला त्याला लागू पडत नाही. याचे कारण नीट समजले की प्रतिस्पर्धी कोण असावा याचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते.

मार्च 1977 मध्ये जिमी यंगकडून हरल्यावर फोरमनने हातमोजे उतरवले आणि तो धर्मोपदेशक झाला. मार्च 1987 मध्ये तो परतला तेव्हा त्याचे वजन 120 किलोंच्या आसपास होते आणि लोक त्याला हसत होते. त्याने विजेत्याला लगेच आव्हान दिले नाही. चार वर्षांत ओळीने 24 लढती जिंकून, त्यातल्या बऱ्याच दुय्यम प्रतिस्पर्ध्यांशी लढून, एप्रिल 1991 मध्ये तो तेव्हाचा विश्वविजेता इव्हँडर होलिफिल्डपुढे उभा राहिला आणि हरला, पण गुणांवर. पुढे 5 नोव्हेंबर 1994 रोजी लास व्हेगासमध्ये, 1974 साली किन्शासामध्ये मुहम्मद अलीविरुद्ध घातलेलीच लाल विजार घालून, तो सव्वीस वर्षांच्या अपराजित विश्वविजेत्या मायकेल मूररशी लढला. नऊ फेऱ्यांअखेर तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर तो मागे होता. मूररचे प्रशिक्षक टेडी ॲटलस आपल्या शिष्याला सतत हालचाल करत राहायला सांगत होते, तरीही मूरर समोरच्या समोर उभा राहत गेला आणि दहाव्या फेरीत एका आखूड, सरळ उजव्या ठोशाने आडवा झाला. फोरमन दोन फेऱ्यांच्या मधे स्टुलावर बसत नसे, उभाच राहत असे. तरुणपणीही त्याचे बळ पायांच्या चपळाईत नव्हते, ते ठोशाच्या वजनात होते. आणि वयाबरोबर सर्वांत शेवटी जाते ते हेच वजन.

ही गोष्ट मी नाशिकमध्येही पाहिली आहे. मी देवळाली कॅम्पच्या बाजूला हौशी मुलांना मुष्टियुद्ध शिकवतो. लष्करातून निवृत्त झालेले, पन्नाशी ओलांडलेले एक सुभेदार अधूनमधून आमच्याकडे येतात. पॅड (ठोसे झेलायच्या गाद्या) हातात घेऊन मी त्यांच्या समोर उभा राहिलो की त्यांचा उजवा ठोसा माझ्या कोपरापर्यंत झिणझिण्या आणतो. पण मी त्यांच्या डाव्या बाजूने दोन पावले वळलो की त्यांची नजर माझ्यासोबत येते, खांदाही येतो, पाऊल मात्र उशिरा येते. आणि ते येईपर्यंत ठोसा मारण्याचा कोन निघून गेलेला असतो. भगूरच्या तालमीतल्या जुन्या पैलवानाची पकड शाबूत असते, पण चपळ पोरगा त्या पकडीत येतच नाही, तसेच हे आहे.

आता फ्युरीकडे पाहा. दोन मीटरहून अधिक उंचीचा हा माणूस कमरेतून वाकून ठोसे चुकवत, हुलकावण्या देत, पावलांनी अंतर राखत जिंकत आला. नोव्हेंबर 2015 मध्ये तेव्हाचा विश्वविजेता व्लादिमिर क्लिच्कोला त्याने याच कौशल्यावर हरवले. म्हणजे फोरमनकडे जे उरले होते ते फ्युरीचे मुख्य भांडवल कधीच नव्हते, आणि फ्युरीचे जे मुख्य भांडवल आहे ते वय सर्वांत आधी काढून घेते. मे 2024 मध्ये रियाधमधल्या पहिल्या लढतीत युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने नवव्या फेरीत त्याला दोरांवर भेलकांडायला लावले आणि पंचाला मोजणी करावी लागली. डिसेंबरमधल्या दुसऱ्या लढतीत फ्युरी उसिकपेक्षा सुमारे 25 किलोंनी वजनदार होता, तरी तिन्ही पंचांनी 116-112 असा निकाल उसिकच्या बाजूने दिला. (त्या लढतींसाठी आमच्याकडे पहाटेपर्यंत जागणारी मुले होती, दुसऱ्या दिवशी सरावाला कोणीच वेळेवर आले नाही.)

प्रतिस्पर्ध्याची निवड किती निर्णायक ठरते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण माझ्या मते माजी विश्वविजेत्या लॅरी होम्सचे आहे. जानेवारी 1988 मध्ये, जवळजवळ दोन वर्षांच्या खंडानंतर, अडतिसाव्या वर्षी तो तेव्हा ऐन भरात असलेल्या माइक टायसनसमोर गेला आणि चौथ्या फेरीत तीनदा खाली पडून हरला. तोच होम्स फेब्रुवारी 1992 मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, अपराजित रे मर्सरला बारा फेऱ्यांत गुणांवर हरवून गेला. या चार वर्षांत त्याचे वय वाढले, कमी झाले नाही. फरक एवढाच की मर्सर संथ होता, सरळ पुढे येत होता, आणि होम्सने अनेकदा कोपऱ्यात पाठ टेकवून, पायांना विश्रांती देत, जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) आणि उजव्या हाताने त्याला खेळवले. याच्या उलट चित्र ऑक्टोबर 1980 मध्ये दिसले होते. दोन वर्षे रिंगबाहेर राहिलेल्या, थायरॉइडच्या औषधांमुळे वजन आणि ताकद दोन्ही गमावलेल्या 38 वर्षांच्या मुहम्मद अलीला याच होम्सपुढे, म्हणजे ज्याचा जॅब चुकवायला ताजे पाय लागतात त्याच्यापुढे, तयारीची एकही लढत न देता उभे केले गेले. दहाव्या फेरीनंतर अलीचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली. ती लढत मंजूर करणाऱ्यांना मी आजही माफ करू शकत नाही.

आपण माइक टायसन आणि यूट्यूबवरून मुष्टियुद्धात आलेला जेक पॉल यांच्या लढतीचाही उल्लेख केला आहे. नोव्हेंबर 2024 मधली ती लढत दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्यांची, जड हातमोजे घालून झालेली आणि 58 वर्षांच्या माइक टायसनची होती. तिच्यावरून फ्युरीबद्दल काहीही ठरत नाही.

तर मग कोण? उसिकशी तिसरी लढत नको. तो डावखुरा आहे, सतत कोन बदलतो, आणि वयाने फ्युरीपेक्षा थोडा मोठा असूनही त्याची पावले अधिक जिवंत आहेत. मोझेस इटाउमा तर मुळीच नको : 2004 च्या अखेरीस जन्मलेला, डावखुरा, हाताने विलक्षण वेगवान, आणि ऑगस्ट 2025 मध्ये डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत संपवणारा हा मुलगा म्हणजे फ्युरीच्या सगळ्या उणिवांवर बोट ठेवणारा प्रतिस्पर्धी आहे. आधी तीनदा समोर आलेल्या अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरशी चौथी लढत जिंकता येईल, पण तिने काही सिद्ध होणार नाही. फॅबिओ वॉर्डलीचे प्रकरण थोडे फसवे आहे. हौशी कारकीर्द नसलेला हा मुष्टियोद्धा तंत्रात फ्युरीच्या जवळपासही नाही आणि बहुतेक फेऱ्या तो हरेल. पण जोसेफ पार्करला त्याने अकराव्या फेरीत गाठले, आणि थकलेल्या पायांच्या माणसाला नेमका उशिराच्या फेऱ्यांमध्येच धोका असतो.

माझी निवड ब्रिटनचाच माजी विश्वविजेता अँथनी जोशुआ ही आहे. जोशुआ सरळ उभा राहतो, सरळ रेषेत पुढे येतो, अंतर तोडायला वेळ घेतो आणि तोही आता तरुण नाही. सप्टेंबर 2024 मध्ये डॅनियल ड्युबॉइसने त्याला वेम्बलीवर पाचव्या फेरीत पाडले होते. त्याचा उजवा हात धोकादायक आहे, हे खरे. पण तो हात कुठून येणार हे दिसते, आणि ज्याची नजर अजून शाबूत आहे त्याला ते पुरते. डिसेंबर 2025 मध्ये नायजेरियातल्या मोटार अपघातात जोशुआने आपले दोन निकटचे सहकारी गमावले, त्यामुळे त्याच्या मनाचा आणि तारखेचा हिशेब कोणी बाहेरून मांडू नये.

मात्र ही लढतही फ्युरीने पूर्वीसारखी नाचत लढू नये. फेब्रुवारी 2020 मध्ये प्रशिक्षक शुगरहिल स्टुअर्ड यांच्या हाताखाली वजन वाढवून, पुढे सरकत, वाइल्डरला दोरांवर ढकलत त्याने सातव्या फेरीत लढत संपवली होती. या वयात त्याला उपयोगी पडेल तो हा फ्युरी. मिठी मारून प्रतिस्पर्ध्याच्या मानेवर भार टाकणे दिसायला कुरूप असले, तरी त्याला वेगवान पाय लागत नाहीत.

त्याआधी दोन तयारीच्या लढती हव्यातच. 2018 मध्ये, अवघ्या 29 व्या वर्षी, अडीच वर्षांच्या खंडानंतर परततानाही त्याने सेफर सेफेरी आणि फ्रान्चेस्को पियानेटा यांच्याशी लढूनच वाइल्डरला तोंड दिले होते, आणि ती लढत बरोबरीत सुटली. आता त्या तयारीची गरज तेव्हापेक्षा जास्त आहे. त्या लढतींमध्ये तो किती ठोसे मारतो याकडे पाहू नका. पाचव्या-सहाव्या फेरीत प्रतिस्पर्धी बाजूला सरकल्यावर त्याचे पुढचे पाऊल वेळेवर वळते का, तेवढे पाहा. वळत नसेल, तर जोशुआशीही करार करू नये, असे मी म्हणेन.